चोरवाट ब्राउझरची, बोल मात्र वापरणाऱ्याला

‘अनोळखी लिंक उघडू नका, सावध राहा’ हा उपदेश आता शाळेच्या फळ्यापासून बँकेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतो. संगणक-सुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गांतही बराचसा वेळ याच वाक्याभोवती जातो. उपदेश खोटा नाही. पण तो विज्ञान म्हणून शिकवला जात असेल, तर त्याची परीक्षा घ्यायला हवी. यंत्रात बिघाड झाला तर तो नेमका कुठे आणि का झाला हे आधी पाहायचे, चालवणाऱ्याचे काय चुकले ते नंतर. मोबाइलच्या ब्राउझरमधील एका जुन्या पण नीट नोंदल्या गेलेल्या दोषाला हा क्रम लावून पाहू.

नोव्हेंबर २०१० मध्ये थॉमस कॅनन या संशोधकाने जाहीर केले, की अँड्रॉइड फोनसोबत येणाऱ्या ब्राउझरमधून एखादे संकेतस्थळ फोनच्या मेमरी कार्डावरील फाइली वाचून नेऊ शकते. रीत अशी होती. आपण एक पान उघडतो. ते पान दुसरी एक छोटी फाइल फोनवर पाठवते, आणि ब्राउझर आपल्याला न विचारताच ती कार्डावरच्या ‘डाउनलोड’ कप्प्यात ठेवून देतो. मग तेच पान ब्राउझरला सांगते, की आता ती कप्प्यातली फाइल उघड. ब्राउझर ती उघडतो आणि तिच्यातील जावास्क्रिप्टच्या आज्ञा मुकाट्याने चालवतो. फाइल आता ‘घरातली’ झालेली असते, म्हणून तिच्या आज्ञांना कार्डावरच्या इतर फाइली वाचण्याची मुभा मिळते. वाचलेला मजकूर बाहेरच्या संकेतस्थळाकडे रवाना होतो. या सगळ्यात वापरणाऱ्याने काय केले? एक पान उघडले, एवढेच. ते पान रोजच्या ओळखीचे असते आणि कोणी त्यात गुपचूप फेरफार केलेला असता, तरी परिणाम तोच झाला असता.

ब्राउझरने घरातल्या फाइलीवर इतका विश्वास का टाकला, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट आली, आणि तिच्याबरोबर एक नियमही आला. त्याला आपण ‘समान उगमाचा नियम’ म्हणू. एका खिडकीत बँकेचे पान आहे, दुसरीत खेळाचे. खेळाच्या पानातील आज्ञांनी बँकेच्या पानात डोकावायचे नाही, कारण दोन्ही पाने वेगवेगळ्या ठिकाणाहून आली आहेत. पानाचा उगम त्याच्या पत्त्यावरून ठरतो: जोडणीची पद्धत, संकेतस्थळाचे नाव आणि पोर्टचा क्रमांक. आज ब्राउझरमधील बरेचसे संरक्षण या साध्या नियमावर उभे आहे.

आता फोनवरच्या फाइलीचा उगम कोणता? तिच्या पत्त्यात संकेतस्थळाचे नावच नसते. अनेक ब्राउझरांनी येथे सोपी वाट धरली आणि घरात सापडलेल्या सगळ्या फाइली एकाच घरच्या मानल्या. टेबलावरच्या संगणकावर, जिथे फाइली मालक स्वतः हाताने ठेवत असे, ही वाट बरी चालली. ज्या फोनवर बाहेरचे पान न विचारता फाइल ठेवू शकते, तिथे मात्र ती घातक ठरली. शिवाय त्या काळच्या मेमरी कार्डावर फाइलींना मालकी वा परवाने नसत. कार्डाला ज्याचा हात पोचला, त्याला त्यावरचे सारे वाचता येई.

कॅननने मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या होत्या. फोनच्या यंत्रणेचा आतला भाग या वाटेने मिळत नाही, आणि चोराला फाइलीचे नाव व जागा आधी माहीत असावी लागते. ही दुसरी मर्यादा ऐकून हायसे वाटते, पण वर्गात तिचा हिशेब करून पाहावा. पुष्कळ फोनांचे कॅमेरे छायाचित्राला तारीख आणि वेळ जोडून नाव देतात, आणि वेळ सेकंदापर्यंत असते. शाळेचा दिवस सकाळी दहा ते सायंकाळी पाच धरला तर सात तास, म्हणजे २५,२०० सेकंद, म्हणून एका दिवसासाठी २५,२०० शक्य नावे. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, यंत्राला तो किरकोळ आहे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्राच्या नावात तर फक्त तारीख आणि त्या दिवसाचा चढता क्रमांक असतो. तिथे पाचपन्नास अंदाजांत काम भागते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यता शिकवण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

दुरुस्ती कशी झाली, ती कथा अधिक बोधप्रद आहे. डिसेंबर २०१० मध्ये अँड्रॉइड २.३ आले आणि ही वाट त्यात बंद केल्याचे मानले गेले. पुढच्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील शूशियान जियांग यांनी नव्या आवृत्तीच्या फोनवर तोच चोरीचा प्रकार थोडा वळसा घालून करून दाखवला. दोष खऱ्या अर्थाने मिटला तो २०११ मध्ये, २.३.४ या आवृत्तीत. पहिल्या वेळी एक वाट बुजवली गेली होती, पण ‘घरातली फाइल ती विश्वासाची’ हे गृहीतक तसेच राहिले होते.

आमच्या उमरगा भागातील वाचकांना हा प्रकार वेगळ्या संदर्भात माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जाडजूड भिंतींची, वर मातीचे जड माळवद असलेली घरे कोसळली. दगड काही कच्चे नव्हते. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून हादरा बसताच दोन थर दोन दिशांना सुटले. नंतरच्या मजबुतीकरणात भिंतींत असे आरपार सांधे बसवण्यावर भर दिला गेला. वरून गिलावा करून भेग झाकता आली असती, पण भिंत तशीच सुटी राहिली असती. त्या वेळी मेलेल्यांनी सावध झोपायला हवे होते असे कोणी म्हटले नाही. अभ्यास झाला तो बांधणीचा.

ब्राउझरच्या भिंतीत तसा सांधा बसायला २०१२ उजाडले. अँड्रॉइड ४.१ पासून, त्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या अॅपमधील वेब-खिडकीत, एका फाइलीने दुसरी फाइल वाचायची नाही हा मूळ नियम झाला. आधी मुभा होती आणि हवी तर ती काढता येत असे. आता बंदी होती आणि हवी तर ती उठवता येत असे. बदल एका ओळीचा, पण तो गृहीतकावरच घाव घालणारा होता.

तरीही गृहीतक सहजी मेले नाही. जुलै २०१९ मध्ये फायरफॉक्सच्या ६८ व्या आवृत्तीत असाच एक दोष दुरुस्त करावा लागला. जतन केलेली वेब-फाइल उघडली, तर ती आपल्याच कप्प्यातील इतर फाइली वाचू शकत होती. लुईजी गुबेल्लो या संशोधकाने दाखवले, की एक अतिशय लोकप्रिय संदेश-अॅप आलेल्या सगळ्या फाइली एकाच कप्प्यात ठेवते, म्हणजे पाहुणा आणि तिजोरी एकाच खोलीत. येथे मात्र वापरणाऱ्याला ती फाइल स्वतः उघडावी लागत होती, तेव्हा सावधगिरीच्या उपदेशाला या प्रकरणात थोडे गुण द्यायला हरकत नाही.

प्रस्तुत लेखकाचा खरा आक्षेप पुढच्या गोष्टीवर आहे. दोष दुरुस्त झाला, म्हणजे तो तुमच्या हातातील फोनात दुरुस्त झाला असे नव्हे. त्या काळी ब्राउझर फोनच्या यंत्रणेतच गुंफलेला होता. गूगलने केलेली दुरुस्ती फोन बनवणाऱ्या कंपनीने घ्यायची, आपल्या फोनला बसवायची आणि मग ग्राहकाला पाठवायची. महागड्या फोनांबाबत हे कसेबसे होई, स्वस्त फोनांबाबत बहुधा होतच नसे. जानेवारी २०१५ मध्ये तर गूगलने सांगितले, की अँड्रॉइड ४.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमधील वेब-खिडकीसाठी आपण यापुढे दुरुस्त्या करणार नाही. पन्नास लाख ओळींच्या जुन्या आज्ञावलीत सुरक्षितपणे ठिगळे लावणे आता व्यवहार्य नाही, हे कारण. रॅपिड-सेव्हन या कंपनीच्या हिशेबाने असे फोन होते ९३ कोटींच्या आसपास. कारण तांत्रिकदृष्ट्या पटणारे आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली? ज्याला नवा फोन परवडत नव्हता, त्याने. त्याच्या हाती उरले ते पुन्हा ‘सावध राहा’.

२०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ही वेब-खिडकी प्ले स्टोअरवरून सुटी अद्ययावत करता येऊ लागली आणि परिस्थिती खूप सुधारली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून अॅपांना सगळ्या फाइलींत मोकळे फिरता येऊ नये अशी रचना येत गेली. पण जुने फोन मागे पडतच राहतात. अँड्रॉइड ७ वर चालणाऱ्या फोनांना क्रोमच्या नव्या आवृत्त्या मिळणे २०२३ च्या अखेरीस थांबले.

आता उमरगा तालुक्यातील एखादी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा. पोषण आहाराची नोंद मोबाइलवरून, यू-डायसची माहिती ऑनलाइन, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांच्या आधार कार्डांची आणि पासबुकांची छायाचित्रे. हे सारे अनेकदा गुरुजींच्या किंवा बाईंच्या स्वतःच्या फोनवर होते, आणि तो फोन कितव्या आवृत्तीचा आहे हे कोणी विचारत नाही. माहिती मागवणारे कार्यालय शिक्षकाच्या हाती दुरुस्ती मिळणारे साधन देत नसेल, तर सावधगिरीची पत्रके वाटून त्याची जबाबदारी संपत नाही. प्रशिक्षणातला निदान अर्धा तास तरी यावर खर्च व्हावा: फोनच्या सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख पाहणे, प्ले स्टोअरमध्ये ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ आणि क्रोम अद्ययावत आहेत का ते तपासणे, आणि अर्ज भरून झाल्यावर मुलांच्या कागदपत्रांची छायाचित्रे गॅलरीतून व व्हॉट्सअॅपच्या कप्प्यातून काढून टाकणे. दुरुस्तीची तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर त्या फोनवर विद्यार्थ्यांची कागदपत्रे ठेवणार नाही असे मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवावे आणि शाळेसाठी दुसरे साधन मागावे.