रूप आणि परकेपणा

भुईगावच्या किनाऱ्यापासून वसईचा किल्ला फार दूर नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. त्या विजयाबरोबर एक आख्यायिकाही रूढ झाली. किल्ल्यावरील पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरची एक रूपवती स्त्री अप्पांपुढे आणली गेली व त्यांनी तिला सन्मानाने परत पाठविले, अशी ती आख्यायिका. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा ही हिचीच थोरली बहीण. बहुतेकांनी या औदार्याची स्तुती केली. सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात त्यावर कठोर टीका केली. परंतु या साऱ्या वादात ती स्त्री स्वतः एक शब्दही बोलत नाही!

नाट्यदृष्ट्या हे मौन आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. स्त्रीचे रूप हेच अनर्थाचे मूळ, ही समजूत प्राचीन आहे. तथापि युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ या नाटकात हेलेनला आपली बाजू मांडू दिली; त्यापूर्वी परमुलखात आलेल्या मीडियाला कॉरिंथच्या स्त्रियांपुढे आपली व्यथा बोलू दिली. मीडियाने केलेला पुत्रवध क्षम्य ठरत नाही. पण तिचे ऐकून घेतल्यावर तिला केवळ राक्षसीण म्हणून मोकळे होणेही कठीण जाते.

याच कसोटीस खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) लावून पाहावे. विराटाघरी नाव पालटून राहणारी सैरंध्री रूपवती आहे आणि परकीही आहे. राणी सुदेष्णेने दिलेला आश्रयच राणीच्या भावाच्या हट्टापुढे सापळा बनतो. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला, सैरंध्रीत पराधीन देश पाहिला; १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. हे रूपक नाटकाचे बळ खरे, पण तेच त्याचे उणेही आहे. देशाचे प्रतीक झालेल्या सैरंध्रीचे स्त्री म्हणून असलेले दुःख मागे पडते. चर्चा उरते ती युधिष्ठिराच्या सबुरीची आणि भीमाच्या बाहुबलाची.

वसईच्या त्या अनामिकेवर कोणी नाटक लिहिलेच, तर त्याने अप्पांच्या छावणीत पडदा पाडू नये. तेथून पुढेच तो उघडावा. शत्रूच्या गोटातून परतलेल्या स्त्रीला घरचे काय विचारतात, हे सीतेच्या कथेने आपणांस केव्हाच शिकविले आहे. त्या प्रश्नाला ती काय उत्तर देते, तेथे खरी शोकांतिका सुरू होईल.