‘कव्हर’ : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यास जे शब्द वरकरणी सोपे वाटतात, त्यांत ‘कव्हर’ या शब्दाची गणना करावी लागेल. शाळकरी मुलासही तो ठाऊक असतो. कोश उघडावा, तर झाकण, आच्छादन, वेष्टन, आवरण, पांघरूण अशी प्रतिशब्दांची रांगच समोर उभी राहते. तथापि यांतील कोणता शब्द कोठे योजावा, आणि कोठे यांपैकी एकही योजू नये, हे सांगण्याची जबाबदारी द्वैभाषिक कोश बहुधा वाचकावरच सोपवितात. परिणामी भाषांतरकार जो शब्द अधिक भारदस्त वाटेल तो उचलतो. ही निवड केवळ शैलीची नसून तीमुळे कित्येकदा विधानाचा आशयच पालटतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

१

‘कव्हर’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला व त्याचे मूळ ‘पूर्णपणे झाकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. पुढे त्याच्या अर्थाचा फार विस्तार झाला. भांडे, पुस्तक, डोके ‘कव्हर’ होते. तसेच अंतर, खर्च, अभ्यासक्रम, बातमी आणि जोखीमही ‘कव्हर’ होते. या सर्व अर्थांना जोडणारा धागा एवढाच, की एक वस्तू दुसरीच्या विस्तारावर पसरते आणि तिचा कोणताही भाग वगळत नाही. झाकल्याने वस्तू दिसेनाशी होते किंवा सुरक्षित होते, हे त्या प्रसाराचे संभाव्य परिणाम होत. ते मूळ अर्थाचे अनिवार्य अंग नव्हेत.

संस्कृतातील ‘छद्’ धातूकडे पाहिल्यास हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. ‘आच्छादन’ आणि ‘छत्र’ त्याच धातूपासून, आणि ‘प्रच्छन्न’ व ‘छद्म’ हेही त्याच धातूपासून. आश्रय आणि कपट ही झाकण्याची दोन्ही फळे एकाच मुळावर धरली आहेत. कोणते फळ अभिप्रेत आहे ते धातूवरून ठरत नाही, साधित शब्दावरून ठरते.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांच्या मर्यादेने ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. इंग्रजीत जे क्षेत्र बव्हंशी एका शब्दाने व्यापले आहे, ते मराठीत अनेक शब्दांनी आपसांत वाटून घेतले आहे. म्हणून ‘कव्हर’ आणि ‘झाकणे’ यांचा निर्देश एखाद्या ठिकाणी एकच असला, तरी त्यांचे मूल्य एक नाही.

२

मराठीने ही वाटणी कोणत्या तत्त्वावर केली आहे? पहिले तत्त्व क्रियापदांच्या रचनेतच सापडते. ‘तिने भांडे झाकले’ या वाक्यात झाकली गेलेली वस्तू कर्म आहे. ‘आजीने घोंगडी पांघरली’ यात कर्म आहे ते आवरण. जिचे अंग झाकले ती कर्त्रीच होय. ‘त्याने घर शाकारले’ यात घर नुसते झाकले जात नाही. त्याचे जुने छप्पर पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा नीट केले जाते. ‘मढविणे’ यात आवरण वस्तूला असे एकजीव होते, की ते सहजी काढता येत नाही. इंग्रजीत हे सारे भेद संदर्भावर सोडलेले आहेत. मराठीत ते क्रियापदाने बांधले आहेत.

‘पांघरणे’ ही क्रिया मुख्यतः स्वतःकडे वळलेली आहे. दुसऱ्याच्या अंगावर वस्त्र टाकावयाचे, तर मराठी बहुधा ‘पांघरूण घालणे’ म्हणते. लाक्षणिक अर्थातही हा भेद पुष्कळसा टिकून राहतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. आई मुलाच्या चुकांवर पांघरूण घालते. अपराधी स्वतःची चूक लपवितो किंवा झाकतो. ‘स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालणे’ असा प्रयोग आढळत नाही असे नाही. पण पहिल्या प्रयोगात जी माया आहे, ती दुसऱ्यात उरत नाही.

दुसरे तत्त्व नामांत दिसते. उशीचा अभ्रा, गादीची खोळ, तंबोऱ्याची गवसणी, पोथीचे बासन, तलवारीचे म्यान, बैलाची झूल : येथे नाव ठरते ते कोणती वस्तू झाकली आहे यावरून. आज यांपैकी कित्येकांची जागा ‘कव्हर’ या उसन्या शब्दाने घेतली आहे. ‘आकाशाला गवसणी घालणे’ आणि ‘बासनात गुंडाळणे’ हे वाक्प्रचार सर्रास चालतात. परंतु तंबोऱ्याला मात्र कव्हर घातले जाते.

तिसरी गोष्ट अशी, की ‘कव्हर’च्या कित्येक अर्थांत मराठीला झाकण्याची कल्पना मुळीच मानवत नाही. इंग्रज अंतर ‘कव्हर’ करतो, मराठी माणूस ते कापतो. खर्च भागतो, अभ्यासक्रम संपतो. येथे कोशातील प्रतिशब्दांच्या रांगेचा काहीच उपयोग नाही.

३

या भेदांचे महत्त्व एखाद्या गावाच्या प्रत्यक्ष व्यवहारावर ताडून पाहणे योग्य होईल. धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणाचे गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात जो भूकंप झाला, त्याच्याच टापूत ते येते. या भागातील जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा थर अशी त्याची रचना. गळती थांबविण्यासाठी वरचेवर नवी माती टाकीत गेल्याने हा थर काही घरांत दोन फुटांपर्यंत वा त्याहून जाड झाला होता. दोन फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे एक टन ओझे. भूकंपात भिंती ढासळल्या, माळवदे कोसळली, आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली.

‘माळवद’ या शब्दास इंग्रजीत छताचा प्रतिशब्द देता येईल. पण छत खालून पाहिले जाते, माळवद वरूनही पाहिले जाते. त्यावर वाळवण पडते, उन्हाळ्याच्या रात्री अंथरूण पडते. ते घराचे आच्छादन आहे तसेच ती एक भूमीही आहे. उन्हाच्या तडाख्यापासून जपणारी तीच माती १९९३ साली घातक ठरली. आच्छादन आणि संरक्षण या दोन कल्पना एक नाहीत, याचा याहून कठोर पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

भूकंपानंतर या भागात सिमेंट-काँक्रीटचे बांधकाम वाढले आणि त्याबरोबर ‘कव्हर’ हा शब्द गवंड्याच्या बोलीत रुळला. सळईपासून काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर म्हणजे कव्हर. खांबांसाठी ते साधारणतः ४० मिलिमीटर असावे असे भारतीय मानक सांगते. सळई गंजू नये, आगीत तापू नये आणि काँक्रीटशी तिची पकड राहावी, हा त्याचा हेतू. येथे ‘आच्छादन’ म्हटल्यास वरून मागाहून चढविलेला थर सूचित होईल आणि गिलाव्यालाच कव्हर समजण्याची चूक बळावेल. वास्तविक कव्हर हे काँक्रीटचेच अंग आहे. गिलावा त्यात मोजला जात नाही. म्हणून या ठिकाणी गवंड्याचा उसना शब्द पंडिताच्या तत्समापेक्षा अधिक अचूक आहे.

४

राज्यव्यवहाराच्या मराठीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि राजभाषा अधिनियम १९६४ चा. तेव्हापासून परिभाषेचे मोठे कार्य झाले आहे, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण दोन उदाहरणे विचारात घ्यावीत.

पहिले वनांचे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येप्रमाणे, एक हेक्टर वा अधिक जमिनीवर वृक्षछत्राची घनता दहा टक्के वा अधिक असली, की ती जमीन ‘फॉरेस्ट कव्हर’मध्ये मोडते, मालकी कोणाची आणि कायदा तिला काय म्हणतो, हे पाहिले जात नाही. अशी आमराई त्यात येते. वन म्हणून नोंदलेला उघडाबोडका माळ येत नाही. मराठीत मात्र दोहोंना सर्रास ‘वनक्षेत्र’ म्हटले जाते. एक आकडा उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेला, दुसरा दप्तरातल्या नोंदींचा. दोन्हींना एकच नाव पडल्यावर वन वाढले की घटले, हा वाद अर्थशून्य होतो. येथे ‘वनाच्छादन’ हाच शब्द योग्य, कारण येथे खरोखर वरून पाहिलेले आच्छादनच अभिप्रेत आहे.

दुसरे उदाहरण पीकविम्याचे. ‘इन्शुरन्स कव्हर’ यास ‘विमा संरक्षण’ हा प्रतिशब्द रूढ आहे. विमापत्रातील ‘कव्हर’ एवढेच सांगते, की अमुक जोखमी, अमुक रकमेपर्यंत, अमुक अटींवर करारात समाविष्ट आहेत. ‘संरक्षण’ हा शब्द परिणामाचे अभिवचन देतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. ‘विमा संरक्षित रक्कम’ हे शब्द वाचणाऱ्या माकणीच्या सोयाबीन उत्पादकाने, पीक बुडाले तर ही रक्कम मिळेल, असे समजल्यास दोष त्याच्या आकलनास देता येणार नाही. मराठीत त्या शब्दांचा तोच अर्थ होतो. पैसे मिळणे मात्र समाविष्ट जोखमींवर आणि नुकसान ठरविण्याच्या रीतीवर अवलंबून असते. ‘विम्याची व्याप्ती’ हा शब्द कमी आश्वासक आहे, परंतु प्रामाणिक आहे. ‘व्यापणे’ हे क्रियापद ‘कव्हर’च्या मूळ धाग्याशी जुळते, आणि व्याप्ती म्हटली की तिची सीमा कोठे, हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो.

५

यावर असा आक्षेप संभवतो, की संदर्भ पुरेसा असतो आणि रूढीने कोणताही शब्द हवा तो अर्थ धारण करतो. तज्ज्ञांपुरते हे मान्य करता येईल. रूढी ज्यांच्यात घडली त्यांना ती कळते. ज्यांच्यासाठी विमापत्र लिहिले जाते ते त्या रूढीच्या बाहेर असतात, आणि शब्दाचा त्यांच्या भाषेत जो अर्थ, तोच ते घेतात.

तेव्हा कोशकारांकडून अपेक्षा आहे ती अधिक प्रतिशब्दांची नव्हे, तर प्रत्येक प्रतिशब्दापुढे त्याची अट नोंदविण्याची : कर्म झाकलेली वस्तू की आवरण, आवरण निराळे की अंगभूत, आणि शब्द केवळ प्रसार सांगतो, की त्याच्या परिणामाची हमीही देतो. यांतील शेवटची अट सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे, आणि तिची किंमत कोशाबाहेरच्या माणसांना द्यावी लागते.