चित्रपटाचे पाठभेद
पानिपतच्या काला अंबाला जाणारे मराठी बांधव तेथे आंब्याचे झाड शोधतात. झाड केव्हाच गेले, उभा आहे तो स्मारकस्तंभ. १७६१ च्या त्या संग्रामाचे चित्र आज अनेकांच्या डोळ्यांपुढे येते ते आशुतोष गोवारीकरांच्या 'पानिपत'मुळे (२०१९). महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थानात क्षोभ उसळला आणि प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत चित्रपटातील सुमारे ११ मिनिटांचा भाग कापला गेला. मग आम्ही परीक्षण करावे ते कोणत्या 'पानिपत'चे? पोथीत पाठभेद असले तर दोन्ही पोथ्या शेजारी मांडता येतात. इंटरनेटवरून घरी येणाऱ्या चित्रपटाची जुनी प्रत मात्र नवी येताच दिसेनाशी होऊ शकते, आणि प्रेक्षकाला त्याची वार्ताही नसते. म्हणूनच दर बदलीला ट्रंकेतून डीव्हीडीच्या तबकड्या वाहून नेणाऱ्या आमच्या अधिकारी मित्रांना आम्ही छांदिष्ट म्हणणार नाही. तबकडीवर ओरखडे पडतात, ती लावण्याचे यंत्रही आता सहजी मिळत नाही, हे खरे. परंतु तिच्यावर एकदा उतरलेले रातोरात बदलत नाही. मदतीच्या मोबदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारा पडद्यावरील सूरजमल इतिहासाला धरून होता, असा आमचा दावा नाही. पण तो पाहिल्यावाचून त्याचा निवाडा तरी कसा करावा?