चाणक्य, ‘मुद्राराक्षसा’तील

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या सात अंकी संस्कृत नाटकातील प्रमुख पात्र. मौर्य चंद्रगुप्ताचा अमात्य व त्याच्या हेरव्यवस्थेचा सूत्रधार. कौटिल्य व विष्णुगुप्त या नावांनीही नाटकात त्याचा उल्लेख येतो. इतिहासातील चाणक्य, कौटिलीय अर्थशास्त्राचा कर्ता म्हणून परंपरेने मानलेला चाणक्य आणि हा नाट्यगत चाणक्य यांची गल्लत नेहमी होते. प्रस्तुत नोंदीत केवळ तिसऱ्याचा, आणि त्यातही त्याच्या खऱ्या हेतूचा विचार केला आहे. मराठीत ‘मुद्राराक्षस’ हा शब्द छापखान्यातील चुकांच्या संदर्भातच अधिक रूढ झाला आहे. नाटकाच्या नावाचा अर्थ मात्र मुद्रेच्या म्हणजे शिक्क्याच्या अंगठीच्या योगे राक्षसाला जिंकण्याची कथा असा असून राक्षस हे नंदांच्या अमात्याचे नाव आहे.

विशाखदत्ताचा काळ वादग्रस्त आहे. भरतवाक्यात काही हस्तलिखितांत चंद्रगुप्त, काहींत अवंतिवर्मा, तर काहींत दंतिवर्मा अशी राजनामे आढळत असल्याने विद्वानांनी त्यास चौथ्या-पाचव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत निरनिराळे स्थान दिले आहे. त्याचा आजा सामंत व पिता महाराज होता, असे प्रस्तावनेवरून कळते. राज्यकारभार आतून पाहिलेल्या घराण्यातील हा लेखक असल्यामुळेच की काय, त्याच्या नाटकात प्रणयाला थारा नाही व एका व्यापाऱ्याची पत्नी सोडल्यास महत्त्वाचे स्त्रीपात्रही नाही.

चाणक्याचा हेतू म्हणजे सूड, असा सार्वत्रिक समज आहे. त्याचे मूळ नाटकात नसून नाटकाआधीच्या आणि नंतरच्या कथांत आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) ही कथा पूर्णपणे अद्भुताच्या प्रदेशात घडते. इंद्रदत्त योगबलाने मृत नंद राजाच्या देहात शिरतो आणि ‘योगनंद’ बनतो. त्याचा मंत्री शकटाल याला शंभर पुत्रांसह अंधाऱ्या विहिरीत टाकण्यात येते. रोज एकालाच पुरेल इतके सातू व पाणी मिळते, आणि जो सूड घेण्यास समर्थ असेल त्यानेच ते खावे असे ठरून एकटा शकटाल जगतो. पुढे पायाला रुतलेला दर्भ मुळासकट खणून काढणारा चाणक्य त्याला दिसतो आणि आपल्या कामाचा माणूस सापडल्याचे त्याला कळते. श्राद्धप्रसंगी चाणक्याचा अपमान घडतो, तो कृत्येचा प्रयोग करतो आणि सातव्या दिवशी राजा दाहज्वराने मरतो. येथे कारस्थानी बुद्धी शकटालाची आहे. चाणक्य हे केवळ त्याचे शस्त्र होय. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वात (बारावे शतक) जैन परंपरेचा चाणक्य भेटतो. तो दात घेऊनच जन्मतो, हा राजा होणार असे मुनी सांगतात, म्हणून पिता त्याचे दात घासून टाकतो. तेव्हा तो दुसऱ्याच्या आडून राज्य करील असे भविष्य सांगितले जाते. पडद्यामागून राज्य करण्याची आकांक्षा हा हेतू प्रथम येथे स्पष्टपणे मांडलेला दिसतो. सूड आणि सत्ता ही चाणक्याच्या हेतूची दोन प्रचलित उत्तरे होत. विशाखदत्ताने दोन्ही नाकारली आहेत.

सूडाचे उत्तर त्याने नाटकाच्या रचनेनेच बाद केले. पडदा वर जातो तेव्हा नंदकुळाचा नाश झालेला आहे आणि चंद्रगुप्त पाटलीपुत्राच्या सिंहासनावर आहे. प्रतिज्ञेचे ओझे उतरले असूनही चंद्रगुप्तासाठी आपण शस्त्र धारण करीत आहोत, असे चाणक्य पहिल्याच अंकात सांगतो. त्याची शिखा मात्र अजून मोकळीच आहे. म्हणजे सूडापलीकडचे काहीतरी उरले आहे, आणि नाटक या उरलेल्या गोष्टीचेच आहे. सत्तेचे उत्तर तिसऱ्या अंकातील एका वर्णनाने बाद होते. राजाचा निरोप घेऊन आलेला वृद्ध कंचुकी साम्राज्याच्या अमात्याचे घर पाहतो, तर तेथे गोवऱ्या फोडायचा दगड, बटूंनी आणलेल्या दर्भाचा ढीग आणि वाळत घातलेल्या समिधांच्या भाराने वाकलेले छप्पर! राजाला नाव घेऊन ‘वृषल’ म्हणण्याची धमक या माणसात कोठून येते, हे कंचुकीला तेथे उमगते.

मग या निःस्पृह माणसाला हवे आहे तरी काय? त्याला राक्षस हवा आहे, आणि तो जिवंत व राजी असा हवा आहे. राक्षसाला मारणे त्याला अवघड नाही. परंतु स्वामीचा वंश बुडाला, पुन्हा पदरात काही पडण्याची आशा उरली नाही, तरीही जो मृत स्वामीसाठी लढतो, तो सेवक चंद्रगुप्ताला मिळाल्याशिवाय राज्य स्थिर होणार नाही, असे त्याचे गणित आहे. बुद्धी, पराक्रम आणि भक्ती या तिन्ही गुणांनी युक्त सेवकच राजाच्या उपयोगी, बाकीचे केवळ पोसायचे, या आशयाचे त्याचे उद्गार नाटकाची किल्ली ठरतात. यांतील बुद्धी त्याच्याजवळ स्वतःची आहे. भक्ती मात्र हेरांकडून मिळवता येत नाही, की खोट्या पत्रासारखी लिहवून घेता येत नाही. ज्याने सर्व काही बनावट तयार केले, त्याला हवी असलेली एकमेव वस्तू अस्सल आहे.

बनावटीची व्याप्ती थक्क करणारी आहे. निपुणक हा हेर यमपट दाखवीत घरोघर हिंडतो आणि चंदनदास या जवाहिऱ्याच्या दारात पडलेली राक्षसाची मुद्रा घेऊन येतो. बाहेर धावलेल्या मुलाला मागे ओढताना ती राक्षसपत्नीच्या बोटातून गळून पडलेली असते. एवढ्या क्षुल्लक घटनेवर चाणक्य पुढचे सारे रचतो. राक्षसाचा मित्र शकटदास याच्या हस्ताक्षरात पत्र तयार होते, त्यावर ती मुद्रा उमटते. शकटदासाला सुळावर नेण्याचा हुकूम सुटतो आणि त्याला सोडवून पळणारा सिद्धार्थकही चाणक्याचाच हेर असतो. जीवसिद्धी हा क्षपणक राक्षसाचा विश्वासू मित्र म्हणून वावरतो, तोही चाणक्याचा. पर्वतक राजाच्या मृत्यूचा उपयोग तर दोनदा केला जातो. राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्याने पर्वतकाकडे वळवली. त्याचा पुत्र मलयकेतू याला, तुझ्या पित्याला चाणक्याने मारले, असे गुपचूप सांगून पळवून लावले जाते. आणि पुढे योग्य वेळी, तो घात राक्षसाने केला, असे त्याच्याच कानावर घातले जाते. पहिली गोष्ट खरी, दुसरी खोटी. चाणक्याच्या लेखी दोहोंची किंमत सारखीच.

या तंत्राचा अर्थशास्त्राशी असलेला संबंध अभ्यासकांनी वेळोवेळी दाखविला आहे. १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने तीन भागांत (१९६०–६५) काढली, तेव्हा नाटकातील क्षपणक, वैद्य, गारुडी ही पात्रे कवीची लहर नसून शास्त्रातील ‘गूढपुरुषां’ची रूपे असल्याचे लक्षात आले. तापस, गृहपतिक, वैदेहक असे एका जागी राहणारे आणि सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी असे संचार करणारे हेर तेथे सांगितले आहेत. परस्परांना अपरिचित अशा तीन हेरांच्या वार्ता जुळल्या तरच विश्वास ठेवावा, असाही दंडक आहे. म्हणजे ते शास्त्र अविश्वासावर उभे आहे. नाटकात राक्षसाचे हेरही हीच तंत्रे वापरतात, पण त्यांना यश येत नाही. भिंतीतील भुयारात दडलेले त्याचे मारेकरी, भेगेतून भाताची शिते घेऊन बाहेर पडणाऱ्या मुंग्यांवरून ओळखले जातात आणि जळून मरतात.

असे असूनही, चाणक्याच्या बेताचा शेवटचा टप्पा अविश्वासावर उभा नाही, ही या नाटकातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. चंदनदासाने राक्षसाच्या कुटुंबाला आश्रय दिला आहे आणि प्राण गेला तरी तो ते स्वाधीन करणार नाही, हे चाणक्याने गृहीत धरले आहे. चंदनदास वधस्थळी नेला जात आहे असे कळताच राक्षस स्वतःला सोडवण्याची संधी असतानाही शत्रूच्या हाती येईल, हेही त्याने गृहीत धरले आहे. यांपैकी एक जण जरी डगमगला असता, तरी सारी मसलत कोसळली असती. सातव्या अंकात राक्षस येतो. चांडाळाच्या वेशातील वधकर्तेही चाणक्याचे हेर निघतात. चंदनदासाचे प्राण हवे असतील तर अमात्यपदाचे शस्त्र घ्यावे, एवढीच अट राक्षसापुढे ठेवली जाते. तो ते घेतो आणि चाणक्य आपली शिखा बांधतो. ज्याच्यासाठी इतका आटापिटा केला, त्याच्या हाती स्वतःचे पद देऊन मोकळे होणे, हा त्याचा हेतू होता. पडद्यामागून राज्य करू पाहणाऱ्याने आपल्या तोडीचा माणूस आपल्या जागी आणून बसविला नसता.

एवढ्यावरून त्याला संत ठरविण्याकडे काही टीकाकारांचा कल दिसतो, तो मान्य करता येत नाही. राज्याचे हित आणि स्वतःचा निरिच्छपणा यांखेरीज आणखी एक गोष्ट त्याला चालविते, ती म्हणजे स्वतःच्या बुद्धीचा अभिमान. भद्रभट वगैरे अधिकारी सोडून गेल्याची वार्ता येते तेव्हा, आणखी कोणी जायचे असतील तर खुशाल जावोत, केवळ माझी बुद्धी मला सोडून न जावो, अशा अर्थाचे जे तो बोलतो, त्यात तपस्व्याची अलिप्तता नाही. शिवाय या बेताचा खर्च इतरांनी भरला आहे. बनावट पत्रावर विश्वासून मलयकेतू आपल्या पाच मित्रराजांना ठार करवितो. भूमीचा लोभ धरणाऱ्या तिघांना खड्ड्यात पुरले जाते, हत्ती मागणाऱ्या दोघांना हत्तीच्या पायी दिले जाते. त्यांच्यासाठी नाटकात कोणीही शोक करीत नाही. आपल्यावर जीव टाकणाऱ्या मलयकेतूला फसवावे लागते याचा सल भागुरायणाला क्षणभर बोचतो. तिसऱ्या अंकातील भांडण खोटे, चाणक्यानेच शिकवून ठेवलेले. तरी चंद्रगुप्ताचे मन हादरते. जीवसिद्धीही शत्रूचाच निघाला हे कळल्यावर आपले हृदयसुद्धा शत्रूने बळकावल्याची जाणीव राक्षसाला होते. चाणक्य मात्र शेवटपर्यंत कोठेच हलत नाही. विशाखदत्ताने हे सारे नोंदवून ठेवले व त्यावर भाष्य केले नाही, यात त्याचा मोठेपणा आहे.

ज्या राज्यासाठी हा खटाटोप झाला, त्याची एक साक्ष महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्याच्या दक्षिणेस, वसई तालुक्यातील सोपारा (प्राचीन शूर्पारक) येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना चंद्रगुप्ताचा नातू अशोक याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला. (पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) आठव्या लेखाचा विषय येथे उद्बोधक ठरतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, आता धर्मयात्रा असते आणि तीत जनपदातील लोकांची भेट घेतली जाते, असे त्यात सांगितले आहे. नाटकातील चंद्रगुप्त प्रजेला असा भेटताना दिसत नाही. कौमुदीमहोत्सवाची शोभा पाहावी म्हणून तो प्रासादावर येतो, तर उत्सवच परस्पर बंद केल्याचे त्याला कळते. प्रजेची बातमी निपुणकासारख्यांकडून येते आणि तीही आधी चाणक्याकडे. नाटक मौर्यकाळानंतर शेकडो वर्षांनी लिहिलेले असल्याने ही तुलना इतिहास म्हणून ताणता येणार नाही. तथापि चाणक्याने घडविलेल्या राजाला काय पारखे झाले, ते तिच्यावरून समजते.

या नाटकाच्या अभ्यासाला मराठी विद्वानांनी बराच हातभार लावला. तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने धुंडिराजाने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली टीका आजही उपयोगी पडते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी ती टीका समाविष्ट करून नाटकाची संपादित आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध केली (१८८४). त्याआधीच कृष्णशास्त्री राजवाडे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला होता. हरि नारायण आपटे यांची चंद्रगुप्त ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी करमणूक पत्रातून वाचकांपुढे आली. तीत, विशाखदत्ताने पडद्याआड ठेवलेला नंदांचा नाश पुन्हा कथेच्या मध्यभागी आला, राजवाड्यातील मुरादेवीचे कारस्थान त्याला जोडले गेले आणि चाणक्याचा सूड ठळक झाला. मराठी वाचकाच्या मनातील शेंडी मोकळी सोडलेला, डोळ्यांत अंगार असलेला चाणक्य हा बहुतांशी त्या कादंबरीचा आहे. शिखा बांधून शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणारा, विशाखदत्ताचा चाणक्य त्यामुळे काहीसा मागे पडला.