‘बनगरवाडी’तील दुष्काळ : कर्ता आणि क्रियापद

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. प्रादेशिक कादंबरीचा उत्कृष्ट नमुना म्हणून तिचा गौरव झाला आणि तो यथार्थच होता. परंतु या गौरवाबरोबर एक समजही दृढ होत गेला. माणदेशातील एका धनगरवाडीचे हे शब्दचित्र असून राज्यकारभाराशी त्याचा काही संबंध नाही, असा तो समज होय. कथात्म वाङ्मय समकालीन राजकारण समजून घेण्यास कितपत उपयोगी पडते, या प्रश्नाची चर्चा बहुधा मंत्री, पुढारी आणि निवडणुका यांचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्यांच्या आधारे होते. अशा वेळी ‘बनगरवाडी’सारखी कृती चर्चेच्या कक्षेबाहेर राहते. ती तशी राहणे योग्य आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कादंबरीचा निवेदक हा वाडीवर नेमणूक होऊन आलेला तरुण शिक्षक आहे. वाडीच्या लेखी तो माणूस नव्हे, पद आहे. सारे त्याला ‘मास्तर’ म्हणूनच ओळखतात. मुलांना शिकविण्याखेरीज लोकांचे कागदपत्र लिहून देणे, त्यांची गाऱ्हाणी ऐकणे ही कामेही हळूहळू त्याच्याकडे येतात. संस्थान म्हणजे काय याचा वाडीला येणारा नित्याचा अनुभव एवढाच. राज्यसंस्था तेथे मुख्यतः भाषेच्या रूपाने, लेखी अक्षराच्या रूपाने पोहोचते आणि त्या अक्षराची किल्ली एका कोवळ्या परक्या मुलाच्या हाती असते. राज्यशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला ‘शासनाचा तळातील प्रतिनिधी’ म्हटले जाते, त्याची अगतिकता आणि त्याचे सामर्थ्य येथे एकाच व्यक्तीत दिसते.

कादंबरीच्या घडणीत दोन मोठ्या घटना आहेत. पहिली म्हणजे तालमीची उभारणी. मास्तरच्या पुढाकाराने वाडी अंगमेहनत करते, इमारत उभी राहते आणि तिच्या उद्घाटनास स्वतः राजेसाहेब येतात. माडगूळकरांचे जन्मगाव ज्या औंध संस्थानात होते, त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते आणि त्याच संस्थानाने 1939 साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावयास हवी. दुसरी घटना म्हणजे दुष्काळ. पाऊस येत नाही, चारा संपतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात आणि अखेर मास्तरही निघतो.

या दोन घटनांच्या वर्णनाचे व्याकरण भिन्न आहे. तालमीच्या प्रकरणी कर्ते आहेत : माणसे ठरवितात, दगड वाहतात, भिंती रचतात. क्रियापदे सकर्मक आहेत. दुष्काळाच्या प्रकरणी आटणे, सुकणे, मरणे, ओस पडणे अशी अकर्मक क्रियापदे येतात. त्यांत कोणी काही करीत नाही. सारे आपोआप घडते. माणसांच्या वाट्याला तेवढी एक क्रिया उरते, ती म्हणजे निघून जाणे. या मुलखाची बोली तिला ‘जगायला बाहेर पडणे’ म्हणते. सरकारी अहवालातील ‘स्थलांतर’ हा शब्द माणसाचे ठिकाण बदलल्याची नोंद करतो. बोलीतील शब्दप्रयोग ते का बदलले हे सांगतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. दुष्काळाला कर्ता न देऊन कादंबरी त्याला दैवी आपत्तीचे रूप देते आणि त्यामागील राजकीय कारणांवर पांघरूण घालते, असे म्हणता येईल. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच आटपाडीच्या परिसरात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. तिने केलेला मूलभूत बदल भाषेतलाच होता. ‘पाणी आटले’ या अकर्मक वाक्याच्या जागी ‘पाणी वाटा’ ही आज्ञा आली. आज्ञा म्हटली की ती पाळणारा किंवा मोडणारा कोणीतरी गृहीत धरावा लागतो. पुढे टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उपसून या भागात आणले, तेव्हा येथील कोरडेपणा ही केवळ निसर्गाची आज्ञा नव्हती, हे सिद्धच झाले.

तथापि या आक्षेपात पात्रांची भाषा आणि कृतीची रचना यांची गल्लत होते. वाडीची माणसे पाण्यासाठी संस्थानाकडे बोट दाखवीत नाहीत, कारण पाणी ही राज्याकडे मागण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच त्यांच्या भाषेत अद्याप आलेली नाही. ती त्यांच्या तोंडी घालणे हा कालविपर्यास झाला असता. लेखकाने ते टाळले. परंतु दोन घटना एकापुढे एक ठेवल्या. समारंभाला जातीने आलेले राज्य दुष्काळाच्या दिवसांत जवळपास जाणवतच नाही. या अनुपस्थितीवर निवेदक भाष्य करीत नाही. ते वाचकाने करावयाचे आहे, आणि ज्याने तालमीचे प्रकरण मनःपूर्वक वाचले आहे त्याला ते टाळता येत नाही.

1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणे हा हक्क ठरला. त्या कायद्याचे महत्त्व आकड्यांवरून कळते. पण मागणीचा शब्दच नसलेल्या माणसांना हक्काची भाषा मिळणे म्हणजे काय, हे ‘बनगरवाडी’ वाचल्यावाचून पुरते कळत नाही. म्हणूनच कादंबरीला समाजशास्त्राचा पुरावा म्हणून वापरणे चूक, आणि तिला निव्वळ निसर्गचित्र मानणे ही त्याहून मोठी चूक होय. एखाद्या काळात कोणती वाक्ये बोलता येत होती आणि कोणती येत नव्हती, याची नोंद अहवालात सापडत नाही. ती कादंबरीत सापडते, आणि बनगरवाडीच्या ओस पडलेल्या घरांत ती अजूनही वाचता येते.