राजा पाहायला गेलेली माणसं



आजचा विषय दिवाळीच्या सुट्टीचा आहे, त्यामुळे तत्त्वज्ञानाचा मास्तर बोलायला उभा राहिला म्हणून घाबरू नका. प्रश्न साधा आहे. सणासुदीला आपण मुंबई बघायला जातो. तिथे आपण नेमकं काय बघतो?

पनवेलच्या कुटुंबाची ठरलेली वाट बघा. फराळाचा डबा, पाण्याच्या बाटल्या, सकाळची हार्बर लोकल, दीडेक तासात सीएसएमटी. तिथून गेटवे, जमलं तर काळा घोडा. मुलं लहान असतील तर दुसऱ्या दिवशी भायखळ्याला राणीचा बाग. आता हीच नावं जरा उलगडून बघू. सीएसएमटी म्हणजे पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस. १८८७ साली, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, त्याला तिचं नाव दिलं गेलं. काळा घोडा म्हणजे तिचा मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड, याचा अश्वारूढ पुतळा. गेटवे म्हणजे तिचा नातू पंचम जॉर्ज इथे उतरला त्याची आठवण. आणि राणीचा बाग तर नावानंच राणीचा. आजी, मुलगा, नातू! एका घराण्याच्या तीन पिढ्या बघून आपण संध्याकाळी पनवेलला परततो आणि म्हणतो, समुद्र छान होता.

यात हसण्यासारखं आहे, पण आम्ही हसायला उभे नाही. राजधानीचं शहर हे पाहण्यासाठीच रचलेलं असतं. कोणी कोणाकडे, कुठून, किती अंतरावरून पाहायचं हे तिथे दगडात ठरवलेलं असतं. म्हणून एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी या पाहण्याची समीक्षा करायला हवी.

वॉल्टर बॅजट नावाच्या इंग्रज लेखकानं १८६७ साली इंग्लंडच्या राज्यघटनेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की राज्ययंत्रणेचे दोन भाग असतात. एक शोभेचा, दुसरा कामाचा. शोभेचा भाग लोकांच्या मनात आदर उत्पन्न करतो आणि कामाचा भाग तो आदर वापरून राज्य चालवतो. बॅजटला यात वावगं काही वाटत नव्हतं. आपल्याला वाटायला हवं, कारण ही व्यवस्था आपल्यावर वापरली गेली होती.

कशी, ते बघा. नोव्हेंबर १८७५ मध्ये राणीचा थोरला मुलगा मुंबईत उतरला. शहर सजलं, लोक रस्त्यावर आले. हा शोभेचा भाग. पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि दख्खनात १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. तो ऐन भरात असताना, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. दुष्काळी कामांवर दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा हिशेब त्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. हा कामाचा भाग. तेच टेंपल पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ते गव्हर्नर असताना, १८७९ साली, राजपुत्राच्या भेटीची आठवण म्हणून तो घोड्यावरचा पुतळा शहरात उभा राहिला. देणगी ससून घराण्याची होती.

आता १८७९ हे साल पनवेलकरांना वेगळ्या कारणासाठी माहीत असायला हवं. आपल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. हा माणूस सरकारी नोकरीत कारकून होता. दुष्काळी मुलूख त्यानं फिरून पाहिला आणि जे पाहिलं ते त्याला सोसवलं नाही. रामोशी साथीदारांना घेऊन त्यानं बंड केलं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, जन्मठेपेवर एडनला गेले आणि १८८३ साली तिथेच वारले. एकाच वर्षी मुंबईत राजपुत्राचा पुतळा उभा राहतो आणि शिरढोणचा माणूस बेड्यांत जातो. दोघांनीही हिंदुस्थानात प्रवास केला होता. एकानं जे दाखवलं ते पाहिलं. दुसऱ्यानं जे झाकलं होतं ते पाहिलं. पाहण्या-पाहण्यातला फरक तो हाच.

मग सामान्य माणूस काय करत होता? नुसता टाळ्या वाजवत होता का? आमचं मत असं की नाही. पुतळा होता राजपुत्राचा, पण मुंबईकरांनी त्याला नाव काय दिलं? काळा घोडा! वर बसलेला माणूस नावातून गेला, खालचं जनावर राहिलं. ही कोणा विद्वानाची टीका नव्हे. हमाल, गाडीवान, कारकून यांच्या बोलण्यातून आपोआप झालेली ही समीक्षा आहे. १९६५ साली पुतळा हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला, तरी जागेचं नाव काळा घोडाच. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांनी शंभर वर्षं जे मनात केलं होतं, ते शिल्पकारानं धातूत केलं, एवढंच.

राजाच्या झगमगाटाला दिलेलं हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर जोतीराव फुल्यांचं. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे राणीचाच आणखी एक मुलगा, याच्यासाठी हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जडजवाहीर घातलेली मंडळी जमली. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेशात. आणि भाषणात त्यांनी ड्यूकला सांगितलं, की इथे दागिने घालून बसलेले लोक म्हणजे हा देश नव्हे. खरा देश पाहायचा तर खेड्यात चला, आणि त्या लोकांना शिक्षण द्या असं राणीला जाऊन सांगा. जरा विचार करा. सगळी सभा राजपुत्राला पाहायला जमलेली असताना एक माणूस राजपुत्रालाच पाहायला लावतो. नजरेची दिशाच उलटी फिरवतो! आपल्याकडे दर्शन या शब्दात मुळात दोन्ही बाजू आहेत. आपण देवाला पाहतो आणि त्याची दृष्टी आपल्यावर पडते. राजाच्या दर्शनातली ही दुसरी बाजू इंग्रजी दरबारात गळून पडली होती. फुल्यांनी ती हक्कानं मागितली.

तिसरं उत्तर एका राजानंच दिलं. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. त्या वेळी आजचं गेटवे नव्हतंच, स्वागताला तात्पुरती कमान होती. पक्क्या वास्तूची कोनशिला १९१३ ला बसली आणि काम पुरं झालं १९२४ ला. म्हणजे ज्याच्यासाठी दार बांधलं तो त्यातून कधी आत आलाच नाही. १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार झाला. संस्थानिकांनी एकेक करून सम्राटापुढे यायचं, लवायचं आणि पाठ न दाखवता मागे सरकत जायचं, असा शिरस्ता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, मूळचे नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले, साध्या पोशाखात आले, थोडं लवले आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. केवढा गहजब झाला! पुढे त्यांना दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं, हेही सांगायला हवं. पण ती पाठ लोकांच्या लक्षात राहिली, पत्र राहिलं नाही.

आता कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, राजे गेले, इंग्रज गेले, सगळी नावं बदलली, मग हे उकरून काय मिळणार? पोरांना भेळ खाऊ द्या की. भेळेला आमचा विरोध नाही. पण नावं बदलल्यानं पाहण्याची सवय बदलते, हे आम्हाला मान्य नाही. टर्मिनसचं नाव १९९६ मध्ये बदललं, घड्याळाखालचा राणीचा पुतळा त्याआधीच गेला होता. गेटवेसमोर १९६१ पासून शिवछत्रपती घोड्यावर आहेत. हे सगळं योग्यच झालं. तरी आपण करतो काय? पाठमोरे उभे राहतो आणि स्वतःचा फोटो काढतो. सयाजीरावांनी पाठ फिरवली ती सत्ता ओळखून. आपण पाठ फिरवतो ती मागे काय आहे हे न ओळखता. बाहेरून कृती एकच दिसते, अर्थ मात्र अगदी उलटा.

आणि नवे राजे आपण रोज करतोच आहोत. गणेशोत्सवाचंच घ्या. लालबागच्या मंडळाची सुरुवात १९३४ ची, कोळी बांधवांनी आणि बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांनी, हक्काची जागा मिळावी या नवसापोटी केलेली. ती पोटापाण्याच्या प्रश्नातून आलेली भक्ती होती. आज मुंबईत गल्लोगल्ली ‘राजा’ आहे. देवाला राजा म्हणण्यात काही चूक नाही, विठोबालाही आपण पंढरीचा राणा म्हणतो. पण जिथे राजा आला तिथे दरबार आला, आणि दरबार आला की मानकरी आले. मोठ्या मंडळांत सामान्य माणूस तासन्‌तास रांगेत आणि नामवंतांची गाडी थेट दारापर्यंत. गंमत म्हणजे रांगेतलेही चिडण्याऐवजी पुष्कळदा फोन वर धरून त्या नामवंताचंच दर्शन घेतात. देव पाहायला आलेली माणसं वाटेत राजा पाहू लागतात. इथे आमची तक्रार मंडळांपेक्षा आपल्या नजरेविषयी आहे.

याउलट कोल्हापूरचा शाही दसरा बघा. तिथे दसरा चौकात देवीची पालखी येते, छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात, शमीपूजन होतं आणि लोक सोनं लुटतात. थाट आहे, नाही असं नाही. पण शाहू महाराजांचं स्मरण ठेवणारं ते गाव आहे. १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा लोकांच्या लक्षात आहे तो कामाच्या भागामुळे, शोभेच्या नव्हे. आणि २०२४ साली त्याच गादीच्या वारसाला लोकसभेसाठी त्याच लोकांकडे मत मागायला जावं लागलं. दसऱ्याला जी माणसं राजाला पाहतात, त्यांनाच निवडणुकीत राजा पारखावा लागतो. पाहणं आणि पारखणं यांतलं अंतर तिथे थोडं तरी कमी झालं आहे. ते किती टिकतं, हे मतदारांवर आहे.

मग मुंबईला जाऊच नये का? अवश्य जा. फक्त पोरांना दोन प्रश्न विचारायला शिकवा. हे कोणी, कोणाला दिसावं म्हणून बांधलं? आणि ते बांधलं जात असताना काय दिसत नव्हतं? एका सुट्टीला दोन प्रश्न पुरे. आणि एखादा दिवस शिरढोणलाही जा. ते लांब नाही, गोव्याच्या रस्त्यावर पनवेलपासून हाकेच्या अंतरावर आहे.

खरं तर हे शिक्षण आपल्या अंगणात आधीपासून चालू आहे. दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात. रायगड तर आपल्याच जिल्ह्यातला, ६ जून १६७४ चा राज्याभिषेक तिथला. मुलं वर महाराजांना बसवतात, मग खाली उतरत येतात: पहारेकरी, मावळे, विहीर, शेतकरी, वाणी, डोक्यावर घागर घेतलेली गवळण. हळीव पेरून शेत करतात. चित्रांची मापं कुठेच जुळत नाहीत, गवळण कधी कधी महाराजांपेक्षा उंच असते. कोणी मूल नुसते महाराज ठेवून किल्ला झाला असं म्हणत नाही. गवळण नसली तर ते बाजारात जाऊन आणतं.

येत्या दिवाळीत गेटवेपुढे उभे राहाल, तेव्हा त्या किल्ल्याच्या खालच्या पायरीवरची माणसं इथे कुठे आहेत, एवढं शोधा. आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.