विरळा घटनांचे शब्द

इंग्रजीतून मराठीत येताना ज्या शब्दांचा अर्थ हमखास ढिला पडतो, त्यांत विरळा घटना सांगणारे शब्द प्रथम मोजावे लागतील. ‘रेअर’ हा शब्द संख्येची टंचाई सांगतो, ‘अनयूज्वल’ रूढीपासूनचे अंतर सांगतो, तर ‘अनप्रेसिडेंटेड’ पूर्वोदाहरणाचा अभाव. आमची वृत्तपत्रे व व्यासपीठे मात्र तिहींसाठी ‘अभूतपूर्व’ हा एकच शब्द योजतात. पाऊस अभूतपूर्व आणि सत्कारसमारंभाची गर्दीही अभूतपूर्व! जो शब्द रोज लागतो, तो विरळा प्रसंगाला कसा पुरावा?

वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर तर अधिकच फसवे. ‘वन्स इन अ ब्लू मून’चे ‘निळ्या चंद्रात एकदा’ हे रूप पेडण्याच्या पुनवेला जाणाऱ्या भाविकास काय सांगणार? एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीस हल्ली हे नाव देतात. आमच्या चांद्रमासात पौर्णिमा एकच. तेव्हा तेथे ही कल्पनाच संभवत नाही. तथापि एकोणीस वर्षांत असे योग सुमारे सात येतात आणि अधिक महिनेही सातच. चंद्राच्या व सूर्याच्या गतींतील एकाच तफावतीत इंग्रजीने नवल पाहिले, तर मराठीने ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणून ओझे पाहिले.

‘काळा हंस’ हाही असाच पाहुणा. युरोपात तो अशक्यतेचा दाखला होता. १६९७ मध्ये डच खलाशांना पश्चिम ऑस्ट्रेलियात खराखुरा काळा हंस दिसला आणि दाखलाच फिरला. नीरक्षीरविवेकाचा हंस जाणणाऱ्या आमच्या वाचकास त्यातून वेगळेच काही सुचेल. त्याच्यासाठी ‘अघटित’ हा शब्द पुरेसा आहे.

वस्तुतः मराठीत विरळेपणाचे प्रकार नीट वेगळे केलेले आहेत. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात असे सारे जुळल्यावर येणारी कपिलाषष्ठी गणिताने येते. उंबराचे फूल असते. पण फळाच्या पोटात दडलेले, म्हणून दिसत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती निव्वळ योगायोगाने. घटना कोणत्या जातीची, हे ठरविल्यावाचून शब्द निवडू नये.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीचे वर्णन पेडणे-डिचोलीतही ‘४५१ वर्षांनंतरची अभूतपूर्व घटना’ असे केले जाते. ४५१ हा आकडा १५१० मध्ये जिंकलेल्या तिसवाडीचा. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये. पेडण्याची पारतंत्र्याची वर्षे १७३. पोर्तुगीजांवाचूनचा काळ या महालांनी पूर्वी पाहिला होता. पूर्वी कधीच न झालेली गोष्ट घडली ती डिसेंबर १९६३ मध्ये, विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीत. कुळापासून भाटकारापर्यंत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला विधानसभेसाठी सारख्याच किमतीचे मत देण्याचा हक्क मिळाला. ‘अभूतपूर्व’ हा शब्द आम्ही त्या दिवसासाठी राखून ठेवू. तो गर्दीवर खर्च केला, तर त्या मताचे मोल पुढच्या पिढीस कोणत्या शब्दाने सांगावयाचे?